एकतर्फी ओळख

यजमानाने पाहुण्याला देव मानावे, असे आपल्याकडे केव्हाच सांगून ठेवले आहे. पाहुण्याचा धर्म मात्र कोणी फारसा सांगितलेला नाही. पूर्वी त्याची गरजही नसावी. पाहुणा ओळखीचा असो वा अनोळखी, तो उंबरठ्याबाहेर उभा राहून हाक मारी आणि आतून ‘या’ आल्यावरच पाऊल आत टाकी.

दूरचित्रवाणीने एक निराळीच ओळख जन्माला घातली. मालिकेतले घर आपण रोज रात्री जेवताजेवता पाहतो. त्याची ओसरी, त्याचे दार आपल्याला पाठ होऊन जाते. मग सुटीत त्या गावी गेलो, की आपल्याच कोणाच्या घरी आल्यासारखे वाटते. ते घर आपल्याला ओळखत नाही, एवढी साधी गोष्ट त्या आनंदात विसरून जाते.

अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरात ‘ब्रेकिंग बॅड’ (२००८ ते २०१३) या मालिकेच्या नायकाचे म्हणून दाखवलेले एक घर आहे. एका प्रसंगात नायकाने वैतागून फेकलेला पिझ्झा त्याच्या छपरावर जाऊन पडतो. झाले! चाहते तिथे जाऊन खरोखरच छपरावर पिझ्झे फेकू लागले. घरात एक कुटुंब कितीतरी वर्षे नांदत होते. मालिकेचे कर्ते व्हिन्स गिलिगन यांनी २०१५ साली हा प्रकार थांबवा म्हणून जाहीरपणे सुनावले. तरीही २०१७ साली त्या कुटुंबाने घराभोवती उंच लोखंडी कुंपण घातले.

कोणी म्हणेल, चित्रणासाठी घर दिले, मग आता तक्रार कसली? पण घर दिले ते काही दिवसांसाठी. उंबरठा काही विकला नाही. दुसरा युक्तिवाद अधिक अवघड आहे. रस्ता सर्वांचा, मी दोन मिनिटे उभा राहिलो, तर कोणाचे काय गेले? खरेच, काही जात नाही. पण माझ्यामागून दुसरा येतो, त्याच्यामागून तिसरा. ज्याची त्याची दोन मिनिटे निर्दोषच असतात. घरच्यांचा मात्र सबंध दिवस जातो. म्हणून ‘माझ्या एकट्याने काय होणार?’ असे न म्हणता, ‘आज मी इथे कितवा?’ असे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

कर्नाटकात, धो धो पावसाच्या आगुंब्यात, शंकर नाग यांनी १९८६ साली ‘मालगुडी डेज’ चित्रित केली. आर. के. नारायण यांचे मालगुडी कुठल्याच नकाशावर नाही. तरी लोक ते शोधत तिथल्या ‘दोड्ड मने’ नावाच्या जुन्या वाड्यात जात राहिले, आणि घरच्यांनी आल्यागेल्याला प्रेमाने जेवू घातले. ते दार उघडले ते घरच्यांच्या मर्जीने. पाहुण्याचा त्यावर हक्क नव्हता, आणि तो सांगितला असता तर तिथेही कुंपणच आले असते.

या दिवाळीत अशा एखाद्या घरापाशी गेलात, तर अवश्य डोळे भरून पाहा. कोणी बोलावले तर आत जा, फोटो विचारून काढा. पण दोरीवर कपडे वाळत घातलेले दिसले, तर कॅमेरा खाली घ्या. ते कपडे मालिकेतले नसतात.