कोरा रकाना

चांगलं काम करावं आणि विसरून जावं, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलं गेलं. सप्त्यात कीर्तनकार बुवा हेच सांगायचे, शाळेत गुरुजीही हेच सांगायचे. फळाची आशा धरू नये. या हातानं केलेलं त्या हाताला कळू देऊ नये. ऐकायला बरं वाटतं, आणि मी ते खोटं म्हणत नाही. पण आमचे चुलते, नाना, यांनी सत्तरी ओलांडल्यावर एका राहिलेल्या पदकासाठी फौजेकडं अर्ज करायला घेतले, तेव्हा या शिकवणीचा पुन्हा विचार करावा लागला. केलेल्या कामाची नोंद मागणं हा हावरेपणा आहे का? पारावर तर तसंच बोललं जायचं. "पेन्शन मिळती, कँटीनचं सामान मिळतंय, आता म्हातारपणी बिल्ल्याचा सोस कशाला?"

आमचा भाग सातारा जिल्ह्यातला, दुष्काळी. इथं पाऊस बेभरवशाचा, म्हणून घरटी एक तरी पोरगा फौजेत, ही जुनी रीत. जिल्ह्यातल्या आपशिंगे गावाला तर लोक मिलिटरी आपशिंगे म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ तिथं आहे. आमचं गाव तेवढं नावाजलेलं नाही, पण काळ्या ट्रंका आमच्याकडंही घरोघर आहेत. नाना १९६६ साली भरती झाले. पुढं ट्रकचे ड्रायव्हर झाले आणि हवालदार होऊन पेन्शनीत आले.

१९७१ च्या लढाईत पूर्वेकडं ड्रायव्हर कमी पडले, म्हणून नानांना दुसऱ्या पलटणीकडं जोडून दिलं. फौजेत त्याला अटॅचमेंट म्हणतात. त्यांची मूळ पलटण मागंच राहिली. नाना आगरतळ्याच्या बाजूला होते. अखौऱ्याच्या रोखानं दारूगोळा न्यायचा आणि येताना जखमी आणायचे, हे त्यांचं काम. मी तेव्हा सातवीत होतो. त्यांचं आंतरदेशीय पत्र आलं की आजी मला ओसरीवर बसवून मोठ्यानं वाचायला लावायची. पत्रात गावाचं नाव नसायचं, लढाईचं नसायचं. "मी खुशाल आहे, बैलाला पेंड घाला, धाकट्याला शाळेत पाठवा," एवढंच. पत्त्यावर मात्र ९९ ए.पी.ओ. असायचं. पुढं कळलं की पूर्वेकडच्या फौजेची टपाल ९९ ए.पी.ओ. वरून जायची आणि उत्तर-पश्चिमेकडची ५६ ए.पी.ओ. वरून. तेव्हा आम्हाला तो आकडा म्हणजे नानांच्या खोलीचा नंबर वाटायचा.

१६ डिसेंबरला ढाका पडलं. पुढं त्या लढाईची पदकं निघाली. पूर्वेकडच्या लढाईच्या मुलखात काम केलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार, शिवाय संग्राम मेडल. १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत असलेल्या जवानांना स्वातंत्र्याच्या पंचविशीचं मेडलही मिळालं. नानांच्या ट्रंकेत संग्राम मेडल आहे, पंचविशीचं आहे, लांब नोकरीचंही आहे. पूर्वी स्टार नाही.

यात एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पूर्वी स्टार हे शौर्याचं पदक नाही. शौर्याची पदकं वेगळी. त्याच भागात गंगासागरला लान्स नायक अल्बर्ट एक्का यांनी प्राण दिले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. स्टारसाठी कुणाचा बंकर उडवावा लागत नाही. तू तिथं होतास, एवढंच तो सांगतो. म्हणजे ते हजेरीचं पदक. नाना एकदा वैतागून म्हणाले, "आरं, मी शूर हुतो असं लिवा म्हणत न्हाई मी. मी तितं हुतो, एवढं लिवा."

तरुणपणी त्यांनी याचा पाठपुरावा का केला नाही, असं तुम्ही विचाराल. नोकरीत असताना वरिष्ठ म्हणाले, येईल, मागाहून येईल. पदकं मागाहून येतात हे खरंही आहे. मग रिटायर झाले, शेत, विहीर, पोरींची लग्नं. ट्रंक बंदच राहिली. नातवानं शाळेच्या प्रकल्पासाठी पदकं मांडली आणि विचारलं, "आबा, तुम्ही बांगलादेशच्या लढाईत होता ना, मग त्याचं कुठाय?" तिथून अर्ज सुरू झाले. नाना सांगायचे आणि मी लिहायचो. माझं हिंदी दहावीपर्यंतचं, तेही पंच्याहत्तर सालचं, पण चाललं.

रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर सभ्य भाषेत आलं. शीट रोलमध्ये पूर्वेकडच्या अटॅचमेंटची नोंद नाही. फौजेत जवानाची बदली, रजा, बढती, सगळं पार्ट टू ऑर्डर निघाली की त्याच्या कागदावर चढतं. ती ऑर्डर निघाली नाही, म्हणजे कागदापुरता तो माणूस गेलाच नाही. आम्ही आजीनं जपलेलं एक पत्र झेरॉक्स काढून पाठवलं. उत्तर आलं की खाजगी पत्र पुरेसा पुरावा नाही, सोबतच्या जवानांची माहिती द्या. दोन सोबती नानांना पक्के आठवत होते. एक वारले होते. दुसरे पेन्शन न घेता लवकर घरी गेले होते, आणि पेन्शन नसलेल्या जवानांची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे. ज्याच्या साक्षीनं नाना खरे ठरायचे, त्याचाच कागद राहिला नव्हता.

गावातले लोक म्हणाले, सोडा आता. त्यात वाईट हेतू नव्हता. शिवा काका तर नानांच्या काळजीपोटीच म्हणायचे की मनाला लावून घेऊ नका, देवाच्या दरबारी सगळं लिहिलेलं असतं. पण मला या वेळी माझी आई आठवली.

नाना लढाईवरून आले त्याच्या पुढच्याच साली बहात्तरचा दुष्काळ पडला. आई खडी फोडायच्या कामावर जायची. संध्याकाळी मुकादम मस्टर घेऊन बसायचा. एका आठवड्याला आईची एका दिवसाची हजेरी लागली नाही. त्या दिवशी तिनं खडी फोडली होती, तिच्या ढिगाशी मी स्वतः पाटीनं खडी टाकली होती. मुकादम म्हणाला, "बाई, एका दिवसाचं काय एवढं?" आई जागची हलली नाही. घरात दाण्यांची वानवा होती, पैसे हवेच होते. पण ती जे बोलली त्यात पैशाचा शब्द नव्हता. ती म्हणाली, "मी घरी बसले हुते, असं तू लिवलंयस." कोरी जागा म्हणजे नुसती कोरी जागा नसते. मस्टरवर ती गैरहजेरी असते. नोंद राहून गेली की कागद गप्प बसत नाही, तो उलटं बोलायला लागतो.

आम्हा शेतकऱ्यांना हे नव्यानं सांगायला नको. सातबाऱ्यावर बापाचं नाव एका अक्षरानं चुकलं की पीककर्जाला अडतं. ती चूक दुरुस्त करायला जमीन महसूल कायद्यात १५५ कलम आहे, आणि आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांना कलमाचा हा आकडा पाठ आहे. पण त्या अर्जाला कुणी जमिनीची हाव म्हणत नाही. जमीन आपलीच असते, कसणाराही आपणच असतो. मागतो ती फक्त दुरुस्ती. नानांचा अर्ज याहून वेगळा नव्हता. बक्षीस मागणारा म्हणतो, मला द्या. दुरुस्ती मागणारा म्हणतो, जे झालं ते झालं म्हणा.

फळाची आशा सोडावी, हे बुवांचं म्हणणं मला आजही पटतं. पण आशा सोडायची ती ज्याची त्यानं. नानांनी स्वतः म्हटलं असतं की जाऊ दे, तर तो त्यांचा मोठेपणा झाला असता. दुसऱ्यानं त्यांच्या वतीनं त्याग करून टाकायचा, याला त्याग म्हणत नाहीत. माझ्या रानातलं धान्य मी दान देऊ शकतो, शेजाऱ्यानं माझ्या खळ्यावरून उचलून दान दिलं तर ती चोरी होते.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. रेकॉर्ड ऑफिसातल्या कारकुनानं नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला तर काय होईल? न गेलेलेही म्हणतील आम्ही गेलो होतो. मग गेलेल्यांच्या पदकाला काय किंमत राहील? कागद कडक आहे म्हणूनच त्या धातूच्या तुकड्याला वजन आहे. नानांना हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि हे मला एका प्रसंगानं समजलं.

त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. वडिलांची तगमग त्याला बघवेना. कँटोन्मेंट भागात फौजी सामानाची दुकानं असतात, तिथं पदकांच्या नकला, फिती, सगळं मिळतं. मंजूर झालेलं पदक हातात यायला उशीर लागतो म्हणून हक्काचे जवानही तिथून घेऊन वर्दीवर लावतात, त्यात गैर काही नाही. तर तो दिवाळीला येताना पूर्वी स्टार घेऊन आला. नवा, झळझळीत. म्हणाला, "दादा, सव्वीस जानेवारीला लावा. गावाला कळतंय तुम्ही गेला होता ते. कोण विचारणार आहे?"

नानांनी पदक हातात घेतलं, उलटं करून पाहिलं. खऱ्या पदकावर जवानाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. इथं पाठ सपाट होती. त्यांनी ते पोराच्या हातात परत दिलं. "मी गेलो हुतो हे खरं हाय. पर हे लावलं तर मी खोटा." पोरगं हिरमुसलं. नानांनी त्याला जवळ बसवून घेतलं, चहा सांगितला, पण पदक काही घेतलं नाही. त्या दिवशी पारावरच्या बोलण्याचं उत्तर मला मिळालं. ज्याला मिरवायचं असतं त्याला दुकानातलं चालतं. नानांना मिरवायचं नव्हतं.

आमच्या गावाच्या वेशीजवळ, मारुतीच्या देवळामागं, तीन वीरगळ आहेत. गावोगाव असतात तसेच. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत, वरच्या चौकटीत तो महादेवाची पूजा करतोय, आणि माथ्याला चंद्रसूर्य. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. आमच्याही तिन्हींवर नाव नाही. बायका येता-जाता शेंदूर लावतात, पोरं त्यावर बसतात. मी पूर्वी म्हणायचो, बघा, नाव गेलं तरी मान राहिला, म्हणजे नावाचं काही एवढं नाही. आता तसं म्हणवत नाही. दगड उभा करणाऱ्यानं त्यावर चंद्रसूर्य कोरले, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत हे राहो, अशी त्याची इच्छा होती. कुणी तरी खर्च करून, पाथरवट बोलावून, हे झालं म्हणून दगडात कोरून ठेवलं. विसरून जा, असं तेव्हाही कुणाला वाटलं नव्हतं. नाव काळानं गेलं असेल, त्याला इलाज नाही. पण माणूस जिवंत असताना, बोलता असताना त्याचं नाव जाऊ द्यायचं, हे काळाच्या माथी मारता येणार नाही.

नानांचं पदक आलेलं नाही. फौजींच्या अशा तक्रारींसाठी २००७ साली कायदा झाला, २००९ पासून न्यायाधिकरण चालू आहे, मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. तिथं जाऊ या, असं मी म्हटलं. नानांचे गुडघे गेलेत, एसटीत चढवत नाही. म्हणाले, बघू. तरी वर्षाला एक अर्ज ते सांगतात आणि मी लिहितो. मी एकदा विचारलं, "नाना, उत्तर ठरलेलं आहे, मग कशाला?" तर म्हणाले, "फायलीत माझा कागद तर लागतोय. कुणी उघडली तर दिसंल, एक माणूस म्हणत हुता मी हुतो म्हणून."

मागच्या वर्षी ग्रामपंचायतीनं माजी सैनिकांचा फलक करायचं ठरवलं. नाव, हुद्दा, सेवेचा काळ, पदकं, असे रकाने. अक्षर बरं म्हणून यादी माझ्याकडं आली. सरपंच म्हणाले, नानांच्या नावापुढं पूर्वी स्टार लिहून टाका, सगळ्या गावाला माहीत आहे. मी नानांना विचारायला गेलो. ते म्हणाले, "नोंद न्हाई ते लिवू नगंस." मी संग्राम मेडल लिहिलं, पंचविशीचं लिहिलं, लांब नोकरीचं लिहिलं. शेवटी १९७१ च्या स्टारचा वेगळा रकाना होता. ज्यांना तो नव्हता त्यांच्यापुढं सरकारी रिवाजाप्रमाणं 'निरंक' लिहायचं होतं, आणि ते मी लिहिलंही. नानांच्या ओळीला आलो तेव्हा निरंक लिहिलं नाही. निरंक म्हणजे काही नाही. ती जागा मी कोरी सोडली. पेंटरनं दोनदा फोन केला, एक शब्द राहिलाय म्हणून. मी त्याला सांगितलं, राहिलाय हे बरोबर आहे, तसाच रंगव.