चारही चाकांचा जोर

श्रीक्षेत्र पोखर्णीस नृसिंहदर्शनाला येणारी मंडळी पूर्वी बैलगाडीने येत, मग एस.टी. आली, आगगाडीही आहेच. आता त्यांत एखादे वेळी जमिनीसरशी बसलेली, आरशासारखी चकचकीत, पाऊण-एक कोटीची सेडान मोटार येऊन उभी राहते. पोरे भोवती जमतात, आणि थोरांत चर्चा सुरू होते. गळ्यात तुळशीची माळ आणि दाराशी असली गाडी, हे जमते काय? हा प्रश्न वरचेवर निघतो. म्हणून त्याचा थोडा विचार करू.

याची दोन उत्तरे तयारच असतात. एक म्हणते, सगळी माया आहे, टाकून द्या. दुसरे म्हणते, देवाने दिले आहे, भोगा. दोन्ही उत्तरे आम्हांस स्वस्त वाटतात. आपल्या संप्रदायाने कोणाला दुकान मोडायला सांगितले नाही. सावतोबांनी मळा राखला, गोरोबांनी मडकी घडवली, तुकोबारायांच्या घरी तर वाणीपणाच होता. पैसा सचोटीने आला असेल, गड्यांचे पगार वेळेवर होत असतील, तर मोटार घेतली एवढ्यावरून कोणाच्या माळेला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. अहो, पायी वारीतही दिंडीमागे सामानाचा ट्रक चालतोच की!

तेव्हा घेण्यापाशी थांबू नये. घेतल्यानंतर काय होते, ते पाहावे.

या गाड्यांपैकी काहींत चारही चाकांना इंजिनाचा जोर पोचतो. १९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडी कंपनीने ‘क्वाट्रो’ नावाची गाडी मांडली. त्यानंतर ही रचना आलिशान मोटारींत चांगलीच रुळली. बर्फाच्या मुलुखात तिचा फार उपयोग. पुढच्या आणि मागच्या आसांत जोर वाटून देणारे एक यंत्र मध्ये असते. वळणावर बाहेरचे चाक जास्त धावते, आतले कमी. तो फरक सांभाळणारी आणखी यंत्रे दोन्ही आसांवर असतात. म्हणून चारही टायर सारखेच झिजलेले लागतात. एक टायर फाटला आणि बाकीचे बरेच झिजलेले असले, तर पुष्कळदा चारही बदलावे लागतात. नाहीतर सरळ रस्त्यावरसुद्धा मधले यंत्र उगाच राबत राहते, तापते. त्याचे तेल निराळे, कारागीर निराळा, आणि तो कारागीर परभणीच्या नाक्यावर मिळायचा नाही. मोठे शहर गाठावे लागते. टायरची कड बारीक, म्हणून खड्ड्यात आपटली की चाकच वाकते.

आणि आपली जमीन कशी? काळी, कापसाची. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. आषाढात पाणंदीवर ही गाडी घातली, की टायरच्या खाचा चिखलाने बुजतात आणि चारही चाके गुळगुळीत होतात. दोन चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावर पोट टेकले, म्हणजे चारही चाकांचा जोर नुसता चिखल उडवतो. शेवटी ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. आणखी एक गोष्ट पुष्कळ मालकांना ठाऊक नसते. चार चाकांचा जोर गाडी निघायला, चढायला कामी येतो, थांबायला नाही. ब्रेक तर साध्या मोटारीलाही चारही चाकांना असतातच. जोर जास्त म्हणून जो ओल्या रस्त्यावर निर्धास्त सुटतो, तो थांबायच्या वेळी इतरांसारखाच घसरतो.

मराठीत आपण गाडी ‘बाळगतो’ म्हणतो. गुरे बाळगतो, राग बाळगतो, भीतीही बाळगतो. बैल बाळगणाऱ्याचे चित्त बैलात असे, पण ते जिवंत जनावर. पोळ्याला त्याच्या पाया पडताना धन्याचा ताठा उतरत असे. मोटारीने ताठा उतरल्याचे आम्ही अजून पाहिले नाही. २०१० साली औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मंडळींनी एकदम सुमारे १५० मर्सिडीज मोटारी घेतल्या. सुमारे पासष्ट कोटींचा सौदा. आमच्या मराठवाड्यालाही पत आहे हे जगाला दाखवायचे होते, असे तेव्हा बोलले गेले. मागास म्हणून हिणवलेल्या मुलखाची ती उर्मी आम्हांस समजते. पण दाखवण्यासाठी घेतलेली वस्तू रोज पुसावी लागते. मळली, की घेतल्याचा हेतूच बुडाला.

इथे पाण्याचा प्रश्न येतो, आणि तो आम्हांला टायरपेक्षा मोठा वाटतो. २०१६च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ती गाडी पंढरपुरावरूनच गेली. अशा वर्षी गल्लीतल्या बायका टँकरची वाट पाहत घागरी मांडून बसलेल्या असताना, त्याच गल्लीत नळी लावून मोटार धुणे, हे पाणी विकतचे असले तरी आम्ही पाप समजतो. ओल्या फडक्याने काच पुसावी, बाकी धूळ राहू द्यावी. ज्याला ती धूळ सोसवत नाही, त्याने गाडी बाळगली नसून गाडीने त्याला बाळगले आहे.

उलट कंटाळून हयगय करणे हाही विरक्तपणा नव्हे. गुळगुळीत टायर, झिजलेले ब्रेक ठेवून ‘आम्हांला काय, आम्ही उदासीन’ म्हणणारा रस्त्यावरच्या दिंडीच्या जिवाशी खेळतो. शेगावची पालखी परभणी-गंगाखेडावरून पंढरीस जाते. त्या रस्त्याने गाडी हाकणाऱ्याने आपले ब्रेक पाहूनच निघावे. जनाबाई या गंगाखेडच्याच. नामदेवरायांच्या घरचे जाते त्यांच्या मालकीचे नव्हते, तरी त्यांनी ते नीट राखले; आणि त्याच जात्याशी देव दळू लागला, असे आपण सांगतो.

मग माळकऱ्याची पारख कशी करावी? आम्ही तर एवढेच विचारू: मध्यरात्री शेतवस्तीवरची बाई अडली आणि परभणीचा दवाखाना गाठायचा झाला, तर चावी कोणी मागायच्या आत निघते का? गाडी पाणंदीत शिरणार नाही, हे खरे. बाईला बैलगाडीतून डांबरी सडकेपर्यंत आणावे लागेल, चिखलाच्या पायांची चार माणसे बरोबर बसतील, कातडी आसनाला डाग पडतील. त्या वेळी मालकाची नजर आसनाकडे जाते की बाईकडे? सकाळी ते आसन धुवायला बादलीभर पाणी लागले, तर दुष्काळातसुद्धा ते खुशाल वापरावे.