काला आणि शिदोरी

काला म्हणजे अनेकांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून सर्वांनी खाल्लेला प्रसाद. बुलढाणा जिल्ह्यात गावोगावच्या हरिनाम सप्ताहांची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते. गोकुळाष्टमीच्या सुमारास अंगणवाडीतली मुलेही घरून आणलेल्या लाह्या, पोहे, दही एका पातेल्यात ओततात. वारकरी विचारात काल्याचा अर्थ सरळ आहे: 'माझे' विरघळले की भेद उरत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांपाशी मात्र हा अर्थ अडखळतो. 'माझं' हा शब्द ज्यांना नुकताच गवसला आहे, त्यांना तो सोडायला कसे शिकवायचे?

नेहमीचा उपाय म्हणजे एकाच्या हातातले खेळणे काढून दुसऱ्याला देणे आणि वर 'वाटून घ्यावं' असे सांगणे. त्यातून मूल वाटणे शिकत नाही, मोठ्यांच्या अंगात जोर असतो एवढे शिकते. कृष्ण आणि त्याच्या गोपाळ सवंगड्यांच्या काल्याच्या कथेतला क्रम वेगळा आहे. प्रत्येक गोपाळाजवळ आधी स्वतःची शिदोरी असते, तो ती आपल्या हाताने सोडतो, मग कालवाकालव होते. जे कधी आपले नव्हतेच, ते देणार कसे? म्हणून आपले चित्र लावलेली खुंटी, 'माझं झालं की देतो' म्हणण्याची मुभा आणि तोवर ताटकळणाऱ्या मुलाजवळ बसणारी अंगणवाडीची ताई यांनी स्वार्थ पोसला जात नाही. देण्याची तयारी तिथेच होते.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्यां प्याजे यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांना खेळाचे नियम विचारले आणि 1932 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. न्यायाची जाण मोठ्यांच्या आज्ञेपेक्षा बरोबरीच्या सवंगड्यांत अधिक वाढते, असे त्यांचे मत. ते पटण्याजोगे आहे, पण चार वर्षांच्या मुलांचा तंटा त्यांच्यावरच सोपवला तर दांडगे मूल जिंकते. तिथे शिक्षिकेने निकाल देऊ नये, शब्द उसने द्यावेत: 'त्याला विचार, तुझं झालं का?'

आणखी एक गोष्ट शिदोरीत काय असते याची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला नेले. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली, आणि खडे, पाने, शिंपले हीच साधने झाली. 1975 मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. साधनांमागचा विचार, म्हणजे मुलाच्या जवळचे तेच साधन, तितका पोचला नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्याच जळगाव जामोद भागात निहाली बोलली जाते. कोणत्याही ज्ञात भाषाकुळात न बसणारी ही भाषा. त्या घरातले मूल वर्गात गप्प बसले तर ते लाजाळू आहे असे मानले जाते. खरे तर त्याची शिदोरी, म्हणजे त्याची बोली, कोणी सोडायला सांगितलेली नसते. एका पाखराचे त्याच्या बोलीतले नाव साऱ्या वर्गाने म्हटले, तर ते मूल देणारे होते.

पंगत आणि काला यांतला फरकही इथेच आहे. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवात महापंगत बसते, आणि लाखोंच्या पानांत एकच पुरी-भाजी पडते. अंगणवाडीतली खिचडीही तशीच, सर्वांना सारखी. ही समता मोलाची, पण तिच्यात मूल फक्त घेणारे असते. ज्याच्या घरून काहीच येत नाही, त्याला काल्यात काय टाकता येईल? लोककथेतला पायाने अधू पेंद्याही गोपाळांत असतोच. अशा मुलाकडे पातेले धुणे, मीठ टाकणे, वाढणे ही कामे पाळीने यावीत, तीही दया म्हणून नव्हे, सर्वांच्या पाळीतली एक म्हणून.

अशा वेळी वाढण्याची पाळी दुसऱ्या कोणाची आली की एखादे मूल हात आखडते. अमक्याच्या हातचे खायचे नाही, हे ते घरून ऐकून आलेले असते. त्याला वर्गासमोर झापले तर ते घरच्या बाजूने उभे राहते. ताईने त्याच वाढणाऱ्या मुलाकडून आपल्या ताटात आधी घ्यावे, जेवायला बसावे, आणि हात आखडणाऱ्या मुलाचे ताट त्याच्यासमोर तसेच राहू द्यावे.