सिस्टरचा हात

स्पर्शावर आपण पुष्कळ बोललो. १९२७ च्या चवदार तळ्यापासून बोलतोय. पण पुरुषांच्या वॉर्डात जी बाई रोज परक्या पुरुषाचं अंग पुसते, तिच्या स्पर्शाबद्दल आपण काय बोललो? काहीच नाही.

माझी ताई पुण्यातल्या एका इस्पितळात तीस वर्षं सिस्टर होती. येरवड्याच्या वस्तीतून सायकलीवर जायची. स्पंजिंग, पॉट देणं, हर्नियाच्या टाक्यांचं ड्रेसिंग. पॉट देताना तिची जात कुणी विचारली नाही. पाणी द्यायला गेली की मात्र कुणीतरी हळूच आडनाव विचारायचा. आणि तोच हात पाठ पुसायला लागला की काहींना वाटायचं, बाई आपलीच झाली. एकाला विटाळ, दुसऱ्याला आमंत्रण. हातातलं काम दोघांनाही दिसत नाही.

नामांतराच्या काळात लाठी खाल्लेला आपलाच एक कार्यकर्ता तिच्या वॉर्डात होता. पुरता शुद्धीत होता, हे सांगितलंच पाहिजे. तापात बरळणाऱ्याचं ताई कधी मनावर घेत नसे. ह्यानं जखम बांधताना तिचा हात धरला नि नको ते बोलला. इन्चार्ज बाई म्हणाल्या, पेशंट आहे, सोडून दे. घरी आम्हीही तेच म्हणालो. वर चळवळीचं नाव खराब होईल म्हणालो. त्याची मला आजही लाज वाटते.

ताईनं लेखी तक्रार दिली. आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मामाला शेजारी उभं करून त्याच माणसाचं ड्रेसिंग केलं. मी चिडलो. एवढा स्वाभिमान, मग त्याची जखम कशाला धुतलीस? ती म्हणाली, "घाणीत पडू दे म्हणायचं, हे आपल्यासंगं झालंय रे. ते मी करणार नाय. पण माझी ड्युटी जखमेशी हाय, त्याच्या माजाशी नाय."

महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसारानं स्वतःच्याच घाणीत पडलेला भिक्खू. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदानं अंग धुतलं. हे आपण भाषणात सांगतो. पण तिथंच पुढं शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण दिलेत तसे रोग्याचेही पाच दिलेत, ते आपण गाळतो. म्हणजे आजारी पडला म्हणून माणूस जबाबदारीतून सुटत नाही. शिवाय ते धुणारे हात बाईचे नव्हते, हेही बघा.

१८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर आणलं आणि त्याच प्लेगात त्या गेल्या. म्हणून आपण सिस्टरांना सावित्रीच्या लेकी म्हणतो. जरूर म्हणा. पण त्यात "सोस बाई" दडलेलं नाही ना, ते तपासा.

२०१३ च्या कायद्यानं इस्पितळ हे कामाचं ठिकाण धरलं, तिथं येणाऱ्या बाहेरच्यांपासूनही बाईला सुरक्षित ठेवणं मालकावर टाकलं. चांगलं झालं. पण रात्रपाळीला एकाच सिस्टरवर अख्खा वॉर्ड टाकला, तर पडद्याआड सोबतीला मामा आणायचा कुठून?

तो कार्यकर्ता बरा झाला. घरी जाताना त्यानं ताईला जयभीम घातला. ताईनं घेतला नाही. टाके काढायची तारीख सांगितली.