गंगावन आणि वैराग्य
पांढुर्णा-सौंसरकडेही विरळ केसांच्या बाईला ‘देह नश्वर, कशाला सोस?’ असे ऐकवणारे भेटतात. दाढी रंगवणाऱ्या पुरुषाला मात्र गीता कुणी सांगत नाही! वैराग्य म्हणजे असलेले स्वखुशीने सोडणे. हिरावून घेतलेल्याला त्याग कसे म्हणावे? 1890 साली मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन नाकारले, तेव्हा प्रश्न हाच होता. मग गंगावन, म्हणजे वरून जोडलेले केस, ही फसवणूक नव्हे? फसवणुकीत कुणाचे तरी नुकसान व्हावे लागते. इथे फक्त रुंदावलेला भांग झाकला जातो. रक्तातले लोह, थायरॉईड तपासून मिनॉक्सिडिल हे केसांचे औषध लावणे तर निव्वळ चिकाटी: फरक दिसायला महिने लागतात, थांबवले की ओसरतो. जामसावळीच्या पहुडलेल्या मारुतीलाही शेंदूर चढतोच. देवाचा शृंगार भक्ती ठरतो, मग बाईचाच तेवढा मोह का?