कुंडाच्या काठचं मागणं

आई वज्रेश्वरी, तानसा नदीच्या काठी, अकलोलीला आणि गणेशपुरीला तुझ्या परिसरात जमिनीतून गरम पाणी वर येतं. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल उतरतं, जिथे दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी उष्णता वाढत जाते, आणि तापून पुन्हा वर येतं, असं भूशास्त्र सांगतं. जुनी माणसं सांगतात, तू मारलेल्या राक्षसांचं हे रक्त. दोन्ही ऐकताना माझे हात जोडले जातात.

चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत तुला नवस केला. १७३९ साली किल्ला सर झाला, तुझं देऊळ उभं राहिलं. कुंडावर येणाऱ्यांचं मागणं एवढं मोठं नसतं. मांडी घालून जेवायला बसता यावं. रात्रीची खाज थांबावी. धरणीची शक्ती अंगात उतरते आणि दुखणं ओढून घेते, अशा श्रद्धेनं ती पाण्यात पाय सोडतात. त्यांना आराम दे, आई. उष्णतेनं आखडलेला सांधा सैल होतो, दोन घटका का होईना, दुखणं हलकं होतं. ते सुख खरं आहे. त्याला कुणी हसू नये.

पण ज्यांना पाणी किती गरम आहे हेच कळत नाही, त्यांच्यासाठी माझा जीव तुटतो. मधुमेहानं ज्यांचे तळवे बधिर झालेत, ते पाण्यात बसून राहतात आणि घरी गेल्यावर फोड दिसतात. मग जखम चिघळते, कधी बोट जातं, कधी पाऊल. अशा माणसासोबत लेक-सून कुणीतरी असू दे, आणि आधी तिचा हात पाण्यात जाऊ दे.

कुणाच्या पाठीवर फिकट चट्टा असेल, टोचलं तरी कळत नसेल, तर त्याला कुंडाआधी सरकारी दवाखान्याची वाट दाखव. कुष्ठरोग गंधकाच्या पाण्यानं जात नाही. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की बरा होतो, आणि त्या गोळ्या फुकट मिळतात. चट्टा लपवून, लाजेनं, अंधारात आंघोळीला येणाऱ्या माणसाला एवढं सांगणारं कुणी भेटू दे. गोळ्यांचं पाकीट पिशवीत घेऊनच तो तुझ्या दारी येऊ दे.

ओटी घे, आई, नारळ घे. औषध सोडण्याचा नवस मात्र कुणाचाही घेऊ नकोस.