समोर उभा राहणारा

बसा. वज्रासन जमत असेल तर वज्रासनात बसा; गुडघे साथ देत नसतील तर खुर्चीवर, पण पाठ सरळ ठेवून. कराटेचा वर्ग याच बैठकीने सुरू होतो आणि याच बैठकीने संपतो. या बैठकीत डोळे मिटून केलेल्या ध्यानाला जपानीत मोकुसो म्हणतात. ओळीतला सर्वांत वरच्या बेल्टचा मुलगा किंवा मुलगी आवाज देते आणि सगळे डोळे मिटतात. गोंदिया जिल्ह्यात त्या वेळी अवतीभवती शांतता असेलच असं नाही. बाजूला राइस मिल चालू असते, नागपूर-हावडा मार्गावरून मालगाडी जात असते, मैदानाच्या कडेला कुणाची तरी आजी नातवाला न्यायला आलेली असते. मुलांना मी सांगतो, आवाज चालू राहू द्या, तुम्ही श्वासाकडे या. तुम्हालाही तेच सांगतो. नाकाने श्वास आत घ्या आणि आत घेतला त्यापेक्षा सावकाश बाहेर सोडा. असे चार-पाच श्वास होऊ द्या. मगच पुढे वाचा.

आजचं मनन समोर उभ्या राहणाऱ्या माणसाविषयी आहे. इतक्या वर्षांच्या शिकवण्यातून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. फाइटला उभं राहताना समोरचा आपलं शरीर भरवशाने आपल्या स्वाधीन करतो, आणि कराटेतलं बाकी सगळं त्या भरवशाला लायक होण्यासाठी आहे. हे लगेच पटलं पाहिजे असं नाही. एकेक पायरी चढत तिथवर जाऊ.

उजवा हात समोर धरा, तळवा उघडा ठेवा. करंगळीपासून तर्जनीपर्यंत चारही बोटांची टोकं मुळाशी टेकवा. मग बोटं तशीच आत गुंडाळा आणि अंगठा बाहेरून तर्जनी व मधल्या बोटावर दाबून धरा. अंगठा मुठीच्या आत राहिला तर ठोसा बसताच तोच दुखावतो. आता मनगट पाहा. हाताची वरची बाजू आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत आला पाहिजे. ठोसा लागायचा तो तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या दोन हाडांनी. नव्या मुलांना एवढंच नीट जमायला बरेच दिवस लागतात आणि ते लागू द्यावेत.

आता मूठ जितकी आवळता येईल तितकी आवळा. दंड ताठरला, खांदा वर चढला, श्वास अडकला, हे जाणवतंय का? अशा ताठर हाताचा ठोसा मंद जातो. चांगला ठोसा जाताना सैल असतो आणि फक्त शेवटच्या क्षणी घट्ट होतो. मूठ सैल करा. मग अंगभर नजर फिरवा. जबड्यात, भुवयांच्या मध्ये, पोटात आणखी कुठे मूठ आवळलेली आहे का? कुणाशी तरी होणार असलेल्या भांडणाची तयारी शरीर सकाळपासून करत असेल. त्या जागेवर श्वास न्या आणि ती मूठही उघडा.

आता उभे राहा, किंवा मनातल्या मनात उभे राहा. समोर एक माणूस आहे. गिचिन फुनाकोशी यांनी आपल्या शिष्यांसाठी वीस सूत्रं लिहून ठेवली. कराटेची सुरुवात आणि शेवट आदराने होतो, हा त्यांतल्या पहिल्याच सूत्राचा आशय आहे. फुनाकोशी १८६८ साली ओकिनावात जन्मले आणि पेशाने शाळामास्तर होते. १९२२ साली टोकियोत त्यांनी कराटेचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि तिथून ही विद्या जपानभर गेली. त्यांच्याकडून चालत आलेलं आदराने वाकणं आज आमगाव-तिरोड्याच्या शाळांतही पोचलं आहे. आमची पोरं आधी सरांच्या पाया पडतात, मग जोडीदारासमोर वाकून ‘ओस्स’ म्हणतात. मी दोन्ही होऊ देतो. गुरूच्या पाया पडणं घरून आलेलं असतं. ज्याच्यावर आता हात उगारायचा आहे त्याच्यापुढे वाकणं मात्र इथे येऊन शिकावं लागतं.

तुम्हीही वाका. ज्याच्याशी तुमचं पटत नाही असा एक माणूस डोळ्यांसमोर आणा, अगदी जवळचा असला तरी चालेल. त्याच्याशी सहमत व्हायची गरज नाही. मान खाली घालून एवढंच कबूल करा की तो खरोखर समोर आहे, त्याला लागू शकतं आणि तुम्हालाही लागू शकतं. इथे थोडा वेळ राहा.

नव्या मुलांना आम्ही एकदम फाइटला सोडत नाही. आधी ठरलेली लढत असते. दोघं समोरासमोर उभे राहतात. हल्ला करणारा एक पाय मागे घेतो, हात खाली आडवा आणतो आणि मोठ्याने सांगतो, ‘जोदान’, म्हणजे ठोसा चेहऱ्याकडे येणार. मग तो पाच पावलं पुढे येत पाच ठोसे मारतो. समोरचा पाच पावलं मागे सरत पाचही अडवतो आणि शेवटी एक उत्तर देतो. हे जमलं की पाचाचे तीन होतात, मग एकच. नंतर कुठे मारणार हे सांगितलं जातं, पण कधी ते सांगत नाहीत. सगळ्यात शेवटी मोकळी फाइट.

या क्रमाचा विचार करा. मारणाऱ्याने आधी सांगायचं की मी कुठे मारणार आहे. पहिल्या दिवसांत अडवणारा सांगूनही डोळे मिटतो. ठोसा अर्ध्या वाटेवर असतानाच मान फिरवतो. काही आठवड्यांनी त्याचे डोळे उघडे राहू लागतात. भीती गेलेली नसते, पण भीती असताना बघता येऊ लागतं. हे घडतं कारण समोरच्याने सांगितलं तिथेच मारलं, रोज, न चुकता. ‘जोदान’ सांगून पोटात मारणारा जोडीदार मिळाला तर तेच मूल महिनोन्‌महिने डोळे मिटत राहतं. धाडस एकट्याच्या छातीत तयार होतं असं आपण मानतो. मी पाहिलेलं धाडस बहुतेक वेळा दोघांनी मिळून तयार केलेलं होतं.

तुमचे डोळे उघडे राहिले ते कुणामुळे, ते आठवा. सांगून मारणारा एखादा मास्तर, मोठा भाऊ, बोलायला परखड पण दगा न देणारी एखादी आत्या. त्या माणसाचं नाव मनात घ्या.

आता अंतर. हात पूर्ण लांब करून समोरच्याला लागणार नाही, पण एक पाऊल टाकलं की लागेल, अशा जागी उभं राहायचं. उंच मुलाचं अंतर वेगळं, बुटक्या मुलीचं वेगळं. सरकारी शाळांत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी समग्र शिक्षा अभियानात राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण असतं, तीन महिन्यांचं. तीन महिन्यांत ब्लॅक बेल्ट होत नाही. अंतर कळू शकतं. कुणी बोलता बोलता फार जवळ आला तर आपलं एक पाऊल मागे जाऊ शकतं. मनगट धरलं तर धरणाऱ्याच्या अंगठ्याकडे पिळून सोडवता येतं, कारण त्याची पकड तिथेच उघडी असते. आणि आवाज निघू शकतो.

सालेकसा-देवरीकडच्या आश्रमशाळा असोत की गोंदिया शहरातल्या शाळा, पहिल्या दिवशी ठोसे सगळ्यांना मारता येतात, ओरडता येत नाही. ‘किआय’, म्हणजे पोटातून ओरडणं, करायला सांगितलं की मुली हसतात, तोंडावर हात घेतात, एकमेकींकडे बघतात. ‘हळू बोल’ हे लहानपणापासून इतक्यांदा ऐकलेलं असतं की पोटातून येणारा आवाज घशाशी येऊन थांबतो. मग आम्ही सगळे मिळून ओरडतो. नंतर चौघी, नंतर दोघी. ज्या दिवशी एखादी एकटी मैदानाच्या मध्यावर उभी राहून ओरडते आणि बाकीच्या हसत नाहीत, त्या दिवशी माझं काम झालं असं मी समजतो. हा आवाजही समोरच्याचा विचार करणाराच आहे. कुठवर यायचं आणि कुठे थांबायचं हे त्याला साफ सांगून टाकतो.

तुमचं अंतर कुठे आहे? कुणाला तुम्ही इतकं जवळ येऊ दिलंत की हात उचलायलाही जागा उरली नाही? कुणाला इतकं लांब ठेवलंत की त्याचा चेहरा नीट दिसेनासा झाला? उत्तर आलं नाही तरी प्रश्न तसाच राहू द्या.

आता थांबणं. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिम्पिकमध्ये कराटेच्या ७५ किलोंवरील पुरुष गटाची अंतिम लढत झाली. सौदी अरेबियाचा तारेग हामेदी इराणच्या सज्जाद गंजजादेवर ४-१ असा पुढे होता. त्याने डोक्याच्या उंचीची किक मारली. ती अशी बसली की गंजजादे मॅटवर कोसळला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. पंचांनी अतिरेकी आघात ठरवून हामेदीला बाद केलं. उठूही न शकलेला गंजजादे सुवर्णपदकाचा मानकरी ठरला आणि सौदी अरेबियाचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण हुकलं.

या निकालावर आजही वाद होतो. मोठी मुलं तावातावाने म्हणतात, ‘सर, तो तर जिंकला होता!’ मी त्यांना निकाल बरोबर की चूक हे सांगत नाही, नियम कशासाठी आहे ते सांगतो. डोक्यावरच्या किकला ३ गुण मिळतात, ठोशाला १. सर्वांत मोलाचे गुण सर्वांत धोक्याच्या हल्ल्याला, आणि तो ताब्यात ठेवला तरच. लहान मुलांच्या गटात तर चेहऱ्याला हलका स्पर्श झाला तरी ताकीद मिळते. पूर्ण ताकदीने निघालेला पाय गालाजवळ आवरायचा असेल तर कंबर, टेकलेला पाय, नजर, श्वास सगळं जागेवर लागतं. ज्याचा तोल गेला आहे त्याला थांबता येत नाही.

फुनाकोशींना मोकळी फाइट मनापासून मान्य नव्हती. ती त्यांच्या तरुण शिष्यांनी वाढवली. एप्रिल १९५७ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी जपान कराटे असोसिएशनची पहिली अखिल जपान स्पर्धा भरली. मी फाइट शिकवतो आणि मुलांना शालेय स्पर्धांनाही नेतो, कारण आवरणं हे समोर खरा माणूस असल्याशिवाय शिकता येत नाही. तरी फुनाकोशींची काळजी मला रोज पटते. गुणांच्या मागे लागलेल्या मुलाला समोरचा चेहरा दिसेनासा होतो, फक्त निशाण दिसतं.

डोळे मिटा. अलीकडे तुमचा कुठला शब्द सुटून गेला, लागला, समोरच्याला खाली पाडून गेला? त्या वेळी तुमचा तोल कुठे होता? झोप कमी होती, भीती होती, की लोक बघत होते म्हणून? दोष देऊ नका, जागा शोधा. पाय कुठून सुटला ते कळलं तर पुढच्या वेळी तो आवरता येतो.

सेमिनारविषयीही बोलायला हवं. नागपूर-मुंबईहून, कधी परदेशातून मोठे शिक्षक येतात. एखाद्या मंगल कार्यालयात किंवा क्रीडा संकुलात वेगवेगळ्या गावांचे वर्ग एकत्र येतात. आम्ही शिकवणारे त्या दिवशी ओळीत उभे राहतो. आमचे विद्यार्थी बाजूला असतात आणि त्यांच्यादेखत पाहुणे शिक्षक आमची मागची टाच दाबून जमिनीला टेकवतात. मला ते क्षण फार प्रिय आहेत. मुलांना दिसतं की सरांचीही टाच उचलते आणि सरही ‘ओस्स’ म्हणून पुन्हा उभे राहतात.

सेमिनारला जाताना मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगतो. ओळखीच्यासोबत जोडी लावू नका. रोजच्या जोडीदाराचा ठोसा कधी येतो ते आपल्याला पाठ असतं. अनोळखी मुलगा समोर आला की आपल्याला जे येतं असं वाटत होतं, त्यातलं किती खरं आहे ते कळतं. त्याला आपली ताकद माहीत नसते आणि आपल्याला त्याची. तरीही दोघं वाकतात आणि सुरुवात करतात. एका दिवसात काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, येत नाही. तेक्की नावाचे तीन काता शिकायला फुनाकोशींना दहा वर्षं लागली होती. म्हणून घरी परतताना प्रत्येकाने एकच दुरुस्ती घेऊन यावी आणि महिनाभर तीच करावी. प्रमाणपत्र भिंतीवर लागेल, टाच मात्र रोज टेकवावी लागते.

आषाढ-श्रावणात वर्ग अर्धा रिकामा होतो. धानाची रोवणी सुरू असते, मुलं पऱ्हे घेऊन बांधीत उतरलेली असतात. मेमध्ये काही घरं तेंदूपत्त्याला जातात. मी हजेरीवरून बोलत नाही. परत आली की त्यांना ठरलेल्या लढतीपासून, पाच पावलांपासून पुन्हा सुरू करतो. बेल्ट कुठलाही असो. खंड पडल्यावर भरवसा पहिल्या पायरीपासून बांधावा लागतो, नात्यांतही. कुणाशी बोलणं तुटलं असेल तर थेट मोकळ्या फाइटला उतरू नका. काय बोलणार आहात ते आधी सांगा, तेवढंच बोला आणि उत्तराला जागा द्या.

एक लांब श्वास घ्या. आज जो माणूस तुम्ही समोर आणला होता त्याला पुन्हा एकदा पाहा. तो तुमच्यासमोर उभा राहतो म्हणून तुम्हाला तुमचा तोल कळतो, अंतर कळतं, थांबता येतं की नाही ते कळतं. हे कुणालाही एकट्याने आरशापुढे शिकता आलेलं नाही. त्याच्यापुढे वाका आणि डोळे उघडा.

या आठवड्यात एकच करा. ज्या भेटीची धास्ती आहे तिच्या आधी समोरच्याला इजा होईल अशी एखादी गोष्ट स्वतःकडून काढून ठेवा. जुना हिशेब असेल, तयार करून ठेवलेला टोमणा असेल, चारचौघांत बोलायचा बेत असेल. फाइटच्या आधी मी ओळीतल्या प्रत्येकाचे हात तपासतो. अंगठी, कडं, घड्याळ उतरवलं का, नखं कापली का. वाढलेल्या नखाने मारणाऱ्याचं काही बिघडत नाही, डोळा समोरच्याचा जातो. नखं न कापलेल्या मुलाला मी त्या दिवशी फाइटला उभं करत नाही, मग तो कितीही चांगला खेळत असो.